पाहुण्यांसाठी परत पळालेली शर्यत

नाशिक,
मंगळवार, ९ डिसेंबर २०२५

चि. राजेश्रीस,
भाऊचा आशीर्वाद.

मी इथं बरा हाय. माय, आबा अन् तू बरे असाल असं धरून चालतो. गावचा लिंबाजी आज गाडीनं तिकडं निघालाय, त्याच्या हाती हे पत्र देतो. तुला वाटंल, नववीतच अक्षरांचा कंटाळा आलेल्या माणसाला आज पत्र कुठनं सुचलं. फोन केला असता, पण आबा फोन स्पीकरवर टाकतेत. शेजारचेबी ऐकत बसतेत.

तुमाला वाटतंय मी अजून बेकरीतच हाय. ती दिवाळीआधीच सोडली. त्याच्या आधी गॅरेज सोडलं होतं. आबा म्हणतेत ते खरं हाय, माझं बूड कुठं टिकत न्हाई. आता एका शेठकडं कॅमेऱ्याचं काम करायलोय. शाळांच्या स्पर्धांचे फोटो काढायचे. हिवाळाभर तेच. आज एक गाव, उद्या दुसरं. मैदानावर पांढऱ्या फक्कीचे पट्टे आखत असतेत तवापासून गुडघ्यावर बसायचं, अन् ऊन डोक्यावर आलं तरी उठायचं न्हाई. नाकातोंडात सगळा फुफाटा. शेठ म्हणतो, पळणाऱ्या पोरांचे फोटो कुणी घेत न्हाई, तोंडं वाकडी दिसतेत. गळ्यात पदक पडल्यावर काढ, आईबाप तेच घेतेत. मी बेजार झालोय राजेश्री. पाठ धरलीय. सपनातबी शिट्टी वाजती अन् मी उठून बसतो.

आता तुझ्या गोष्टीवर येतो.

परवा तू मायच्या फोनवरून बोललीस ते असं. परभणीच्या स्पर्धेत तू आठशे मीटरला तिसरी आलीस. पाहुणे उशिरा आले म्हणून फीत धरून शेवटचा तुकडा तुमाला परत पळायला लावला. त्यात तू पुढं होतीस, अन् पेपरात तोच फोटो आला, खाली ‘प्रथम’. आबांनी तो कापून देव्हाऱ्याशेजारी डकवला. पहिली आलीस तरच परभणीला होस्टेलात ठेवतो, तिथं शीक अन् पळ, न्हाईतर मैदान बंद, असं त्यांचं बोलणं होतं. आता ते तुला होस्टेलात धाडायला निघालेत. रविवारी पारावर तुझा सत्कार हाय. तू रडत म्हणालीस, “त्या मेल्या फोटोवाल्यानं मला खोटी पाडली भाऊ. खरं सांगितलं तर होस्टेल जातंय, न्हाई सांगितलं तर आबांच्या तोंडाकडं बघवत न्हाई. सांगू का नको?”

मी म्हणालो, बघू. अन् फोन ठेवला.

त्या फोटोवाल्याचंबी जरा ऐक. पाहुण्यांची गाडी आली तवा तुमची शर्यत संपून गेली होती. पाहुण्यांचा फीत धरलेला फोटो न्हाई मिळाला तर शेठ सोडणार न्हाई, म्हणून त्यानंच हाळी दिली की पोरींनो, शेवटचं वळण परत एकदा पळत या, हळू आलात तरी चालंल, हसत या. बाकीच्या पोरी केस सावरत, हसत आल्या. पहिली आलेली तर पाहुण्यांना हात करत होती. तुझा श्वास अजून बसला न्हवता, तरी तू जीव खाऊन पळालीस अन् फीत छातीवर घेतलीस. सगळे हसले. पीटीचे सर म्हणाले, अगं, हे फोटोपुरतं होतं. तू म्हणालीस, “मग पळा कशाला म्हणले?”

हे तू मला फोनवर सांगितलं न्हवतंस.

तोंडाला रुमाल, त्यानं आवाजबी दबलेला, डोक्यावर टोपी, डोळ्याला कॅमेरा. तू माझ्या अंगावरूनच गेलीस. जाताना “काका, सरका की” म्हणालीस. दोन वर्षांत मी काका झालो.

पेपरवाल्यांना फोटो मीच धाडला. कोण कितवी आली ते सोबत कळवायचं असतंय. मी नुसतं तुझं नाव अन् गाव कळवलं, नंबर मुद्दाम सोडला. फीत बघून ते ‘प्रथम’ लिहितील हे मला ठावं होतं. वाटलं, आपल्या घरात एकाचा तरी पहिला नंबर येऊ दे. होस्टेलाची गोष्ट मला काय माहीत.

त्याच सांजंला परभणीच्या स्टँडवर आपल्या गावाकडं जाणारी गंगाखेडची गाडी लागली होती. कंडक्टरनं विचारलं, यायचं का. मी चहाचा कप धरून बसून राहिलो अन् गाडी निघून गेली. आबांना ‘कायतरी होऊनच येतो’ म्हणून घर सोडलं होतं, अन् अजून कायबी झालो न्हाई. कुठल्या तोंडानं येऊ?

पाकिटात एक फोटो हाय. तो खऱ्या शर्यतीचा. मैत्रिणीचे घातलेले बूट ढिले होते म्हणून तू ते काढून टाकले होतेस. पाय अनवाणी, तोंड वाकडं, वेणीचं टोक दातात, अन् तू पाचवीवरून तिसरी व्हायलीस. शेठच्या हिशेबानं हा टाकाऊ. मी इतकी मैदानं तुडवली, पण माझ्या हातून असा एकच निघाला. तो दप्तरात ठेव, कुणाला दाखवू नको.

आबांना तू काय बी सांगू नको. मी शनिवारी येतो. पारावर हार येण्याआधी मीच सांगतो अन् तुझ्याकडनं हा फोटो घेऊन त्यांच्या हातात देतो. तू तर खोटी शर्यतबी खरी पळालीस, लबाडी माझी हाय. होस्टेलाचं काय होईल ते मला सांगता येत न्हाई. ते गेलं तर मला जन्मभर बोल, मी ऐकून घेईन. पण देव्हाऱ्याशेजारचा तो कागद रोज बघत तुला जगायला लागू नये.

मायला सांग, शनिवारी एक भाकरी जास्तीची टाक. कुणासाठी ते सांगू नको.

तुझा भाऊ,
तोच मेला फोटोवाला,
उद्धव