पायाळूच्या हातातल्या सळ्या

३ फेब्रुवारी, सोमवार

सगळ्यात आधी आली ती वेणूबाई! माझी धाकटी जाऊ. अकरा वर्षांत माझ्या पडवीत पाय नाही ठेवला, आज हातात ताकाचा तांब्या. मागून दिनानाथ भावजी. त्यांच्या मागे म्हसळ्याचा कोणी येसाजी, पिशवीत तांब्याच्या दोन वाकवलेल्या सळ्या. खाली सोनं असलं की सळ्या आपोआप एकमेकींवर येतात म्हणे. भावजींच्या वाडीत फिरंग्यांच्या वेळचा हंडा आहे, असं त्याचं म्हणणं. पण त्याच्या हातात सळ्या हलेनात. पायाळू माणूस हवा.

तर पायाळू मी! आईच्या पोटातून पाय आधी बाहेर. पायाळूवर वीज पडते म्हणून हीच वेणूबाई पावसात मला शेजारी उभी राहू द्यायची नाही. आज म्हणते, बाय, तुमच्या हातात देवाचं देणं हाय.

ताक आंबट होतं. प्यायले.

४ फेब्रुवारी

सळ्यांचं गुपित दोन मिनिटांत कळलं. मनगट जरा आत घेतलं की झालं! येसाजीलाही दिसत नाही. तो माझ्या तोंडाकडे बघतो, मी डोळे मिटते.

भावजींना सगळी वाडी अनवाणी हिंडवली. अनवाणी का? मी म्हटलं म्हणून. त्यांचा गुडघा धरला. मला रात्री झोप छान लागणार.

५ फेब्रुवारी

आज लिहूनच टाकते, चौथी शिकलेय ती कशाला. आमचे हे गेले आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी भावजींनी विहिरीवरून आमच्याकडे येणारा पाट सिमेंट ओतून बुजवला. ह्यांनी हातानं लावलेल्या साठ पोफळी! उन्हाळाभर एकेक वाळत गेली. मी हात जोडून गेले तर म्हणाले, "वहिनी, पाणी विहिरीचं, विहीर माझी." नळाचं पाणी डोक्यावर वाहून मी सात जगवल्या. सातच.

आता ऐक. हे नेहमी सांगायचे, विहिरीच्या खाडीकडच्या अंगाला पुरुषभर खणू नये, खाली खारं पाणी आहे. धाकट्या भावाला सांगायचं राहून गेलं असेल.

उद्या सळ्या तिथेच जुळणार.

६ फेब्रुवारी

जुळल्या!

८ फेब्रुवारी

खणायला माणसं लागली. आड आल्या म्हणून त्यांच्या चार पोफळी तोडल्या. भावजींनी मला खुर्ची दिली, वर छत्री, बशीतून चहा. राणीसारखी बसले होते. पनवेलहून नातीचा, कल्पिताचा फोन. आजी, उन्हात काय करतेस? म्हटलं, सोनं शोधतेय. हसली. सुकटीचा डबा पाठवायचा राहिलाय तिला, रेवदंड्याच्या बाजारात जायला हवं, पण खड्डा सोडवत नाही.

१२ फेब्रुवारी

पुरुषभर झाला. तळाशी ओल. येसाजी म्हणे, धनावर पाण्याचा पहारा असतो, आणखी खणा. मी मान हलवली. खणा बाबा.

१४ फेब्रुवारी

खड्ड्यात कमरेएवढं पाणी. कोणी चाखलं नाही! सोन्याच्या नादात चाखतो कोण.

२४ फेब्रुवारी, सोमवार

वेणूबाई आली. रिकाम्या हाती. म्हणाली, दोन दिवस झाले, डाळ शिजत न्हाय. तुमची शिजते का?

"शिजते की," मी म्हटलं. नळाचं पाणी आहे हे तिला माहीत आहे. ती उंबऱ्यात उभीच राहिली. मी पाट दिला नाही बसायला. ती गेल्यावर डाळ घोटताना मोठ्यानं गाणं म्हटलं, कुंपणापलीकडे जाईल असं.

४ मार्च, मंगळवार

विहीर खारटली. पार. त्यांच्या पोफळीचे शेंडे पिवळे पडायला लागलेत, मी कुंपणाशी उभी राहून मोजले. भावजी खड्डा बुजवून घेतायत, पण आत शिरलं ते शिरलं.

संध्याकाळी आले. पायरीवरच थांबले. अंगानं उतरलेत.

"वहिनी, तुम्हाला ठाऊक होतं?"

महिनाभर हा प्रश्न मी मनातल्या मनात त्यांच्या तोंडी घालत होते! म्हटलं, "भावजी, पाणी विहिरीचं, विहीर तुमची."

जाताना ह्यांच्यासारखे दिसले पाठीकडून. ते बरं नाही वाटलं. पण जेवण गेलं.

१० मार्च

बांगडे ताजे होते. एकटीनं चार खाल्ले.

१८ मार्च, मंगळवार

येसाजी सळ्या न्यायला आला होता. भावजींनी त्याला हाकलला, म्हणून माझ्याकडे. माझ्या सात पोफळींमधून मी त्या आणून देत होते, तर मधोमध जुळल्या. मी मनगट हलवलं नाही. मागे गेले, पुन्हा आले. पुन्हा जुळल्या. तिसऱ्यांदाही. देवाशप्पथ मी काही केलं नाही.

त्यानं पाहिलं. शुक्रवारी माणसं घेऊन येतो म्हणाला.

शुक्रवार लांब आहे. दुपारी मीच पहार घेतली. दोन पोफळींची मुळं तुटलीत, गुडघाभर झालंय.