आरोहीच्या काचपट्ट्या

प्रिय जितेश,

सर्वात आधी एक गंभीर तक्रार नोंदवून घे. कळंबच्या रस्त्यावर, आपल्या धर्मशाळेच्या बरोब्बर समोर, नवं रिसॉर्ट झालंय. शनिवार-रविवार सकाळपासून तिथे असा लाउडस्पीकर लागतो की खाचरातले बगळेसुद्धा ठेका धरून पाय टाकतात. आणि मी अलीकडे पोरांना भिंतीवर बोटाचं पेर वाजवून ऐकायला शिकवत असते. भरीव वाजलं तर गिलावा दगडाला धरून आहे, पोकळ वाजलं तर सुटलाय. आता पलीकडे नवरीची मावशी माइक धरून गात असताना भिंतीचं ऐकू येणार कुणाला? परवा एका चिरंजीवाने पश्चिमेची अख्खी बाजू 'पोकळ' म्हणून खडूने रंगवून टाकली. नंतर लक्षात आलं, तो ढोल होता. मी तणतणत मॅनेजरकडे गेले, तर तो म्हणतो, "मॅडम, रागावू नका, वेलकम ड्रिंक घ्या." घेतलं. कोकम होतं. इतकं पातळ होतं की त्याची तक्रार वेगळ्या कागदावर लिहावी लागेल.

कागदावर एवढ्यासाठी की फोन तू उचलत नाहीस, आणि मेसेजवर मी काय लिहिते ते मलाच आवडत नाही. तिथे मी 'ओके' लिहिते. पंचवीस वर्षांच्या संसारानंतर माणसाने 'ओके' लिहू नये.

कामाची बातमी आधी सांगते. पुढच्या आठवड्यात ग्रामसभा आहे आणि तीत धर्मशाळा पाडायचा ठराव येतोय. त्या जागी सभागृह होणार, पुढे पेव्हर ब्लॉक, आणि कोपऱ्यात गावाचं नाव लाल हृदयासकट, म्हणजे लोकांना फोटो काढता येतील. सरपंच स्वप्नील माणूस वाईट नाही. मला म्हणाला, "मॅडम, आमाला काय हौस हाय का पाडायची? पण सायबांचा कागद हाय ना. उद्या कुनाच्या डोक्यावर पडली तर मला धरतील." साहेब म्हणजे तू. कागद म्हणजे तुझा दाखला, उत्तरेची भिंत सरकते आहे, इमारत वापरास धोकादायक. तो मागे घेतला जात नाही तोवर स्वप्नीलचा नाइलाज आहे, आणि त्याचं चूक आहे असं मलाही म्हणवत नाही.

यंदाची तुकडी बरी आहे. सहा जण आहेत. जुन्या इमारती तपासायला आणि जपायला शिकतात, म्हणजे पहिला महिना विंचवांना घाबरण्यात आणि दुसरा चुन्याने हात भाजून घेण्यात जातो. त्यांतली हर्षला इथलीच, कशेळ्याकडची, डिप्लोमा केलेली. पहिल्या दिवशी वडील सोडायला आले होते. मला बाजूला घेऊन विचारतात, "बाई, ही शिकल्यावर बांधनार काय?" म्हटलं, बांधणार नाही, जे आहे ते पडू देणार नाही. ते म्हणाले, "मंग पगार कोन देनार?" या प्रश्नाचं उत्तर मी इतकी वर्षं शोधते आहे, हे त्यांना सांगितलं नाही.

आठवतं ना, आपण हे सुरू केलं तेव्हा लोक आपल्याला पुरातत्त्व खात्याची माणसं समजायचे आणि सोनं कुठे पुरलंय ते विचारायचे? तू शनिवारी खोपोलीहून यायचास, ती काचेच्या पट्ट्यांची पेटी घेऊन. भेगेच्या दोन्ही काठांना पीओपीचा गोळा, त्यावर आडवी पातळ काच, काचेवर तारीख. भिंत हलली तर काच तडकणार, नाही हलली तर नाही. दर वर्षी तू तेच वाक्य त्याच थाटात म्हणायचास, काच खोटं बोलत नाही. आणि गेल्या वर्षीच्या तुकडीत मागच्या रांगेतून आरोहीचा आवाज आला, "बाबा, काच बोलतच नाही. ती फुटते." सगळी पोरं हसली. तू इतका खूश झालास की ओरडायचं विसरलास.

मला ती कामावर 'मॅडम' म्हणायची. घरी ताटावर बसून 'आई, मीठ कमी आहे' आणि इथे 'मॅडम, शिडी मिळेल का?' त्या 'मॅडम'मध्ये इतका आगाऊपणा भरलेला असायचा की मी शिडी द्यायचे आणि मग पाठ फिरवून हसायचे. तिच्या वाट्याला उत्तरेची भिंत आली होती. तिने मापं घेतली, भेग कागदावर रेखाटून काढली, दिवाळीनंतर पट्ट्या लावल्या आणि अहवालात लिहिलं, भेग जुनी आहे, थांबलेली आहे, भिंत उभी राहील. मी तांबड्या पेनाने 'कशावरून?' असं लिहिलं. ती म्हणाली, "मॅडम, पावसाळाभर थांबा, मग सांगते कशावरून." मार्गशीर्षात ती गेली.

हे वाक्य मी लिहू शकले. बघ. वर्ष लागलं.

शिळफाट्याचं मी लिहिणार नाही. तू तिला घ्यायला येणार होतास आणि तुझी मीटिंग लांबली, हे मी कधी तोंडातून काढलं नाही. मी तिला या कामात ओढलं नसतं तर ती त्या संध्याकाळी त्या रस्त्यावर स्कूटर घेऊन नसती, हे तू एकदाच म्हणालास. न काढलेलं आणि एकदाच म्हटलेलं अशा दोन गोष्टी एका घरात मावेनात, म्हणून तू पुण्याला गेलास. लोक विचारतात, साहेब कुठे असतात? मी सांगते, पुण्याला मोठं काम चाललंय. लोकांना मोठं काम आवडतं.

मग पट्ट्या फुटल्या. शिमग्याच्या सुमाराला पाहिलं तर तिन्ही तडकलेल्या. तिने काचेवर घातलेल्या तारखेचे दोन तुकडे झालेले. ग्रामपंचायतीने तुला बोलावलं, कारण आपल्या कामाचा बिनपगारी इंजिनिअर तूच. तू आलास, मी पलीकडच्या ओसरीवर होते. तू भिंतीपासून दहा पावलांवर उभा राहिलास, काचेकडे पाहिलंस आणि गाडीत बसून दाखला लिहिलास. मला त्या दिवशी तुझा संताप आला होता. वाटलं, पोरीने शेवटचं जे लिहिलं ते खोटं ठरवायला बापच मिळाला? पण एक सांगते, फुटलेली काच पाहून कुणाही इंजिनिअरने तेच लिहिलं असतं. मीही मनातल्या मनात तेच लिहिलं होतं. तिची चूक झाली, असं. आणि मेलेल्या पोरीची चूक निघाली की ती कुणाला सांगायची हेच कळत नाही. रागावणार कुणावर?

आता नीट वाच. मे महिन्यात ही नवी तुकडी आली. त्यांना गिलावा तपासायला उत्तरेच्या भिंतीवर नेलं. मला न्यायचं नव्हतं, पण शिकवायला सगळ्यात उत्तम भेग तीच आहे. रिसॉर्ट बंद होतं, देव त्यांचं भलं करो. हर्षला पेर वाजवत वाजवत फुटक्या पट्टीपाशी आली आणि थांबली. "मॅडम, पट्टीच्या खालीच पोकळ लागतंय." म्हटलं, पुन्हा वाजव. पुन्हा तेच. डावीकडे पोकळ, उजवीकडे पोकळ, तिन्ही पट्ट्यांखाली. पीओपीचा गोळा दगडावर नव्हताच, जितेश. मागे कधीतरी पंचायतीने या भिंतीवर सिमेंटचा गिलावा मारला होता, तो दगडापासून सुटलाय, आणि गोळे त्या गिलाव्यावर बसवलेले. उन्हाने तो फुगला, सरकला आणि काच घेऊन गेला. मी छिन्नी घेतली आणि स्वतः गिलावा उतरवला. आत भेगेत जुना चुना भरलेला, कोळ्याच्या जाळ्यासकट. जाळं अख्खं. भिंत जागची हललेली नाही.

पहिल्या दिवसापासून शिकवतो आपण, गिलावा खरवडा, दगड उघडा करा, मग पट्टी. पहिल्या आठवड्यातलं पोरसुद्धा ही चूक करत नाही. आणि आरोही करते? मला पटेना. मी मोतीबाईंना विचारलं. धर्मशाळेच्या पडवीत राहतात, झाडलोट करतात, पोरांना जेवण करून घालतात, त्या. तू त्यांच्या हातची भाकरी मागून खायचास. त्या म्हणाल्या, "अगं बाय, मी दिवालीला भिंत रंगवलेली ना. चुना वाळलापन नव्हता. पोरगी छिन्नी घेऊन आली आन् तशीच उभी. मी बोलली, खरवड गं, काय व्हतंय? तर बोलते कशी, मावशी, तुमी एकट्यानं रंगवलंय, मी नाय खरवडनार. आईला सांगू नका." मग मला विचारलं, "सांगितलं म्हनून काय करशील आता तिला?"

मी तिथेच पायरीवर बसले. बाकीच्या पोरांना दहा मिनिटं चहा प्यायला पाठवलं. तू समोर असतास तर म्हणाला असतास की तपासणीत अशी माया चालत नाही, आणि ते बरोबर आहे. मी असते तर तिला पट्ट्या पुन्हा लावायला लावल्या असत्या आणि वर एक व्याख्यान दिलं असतं. ते व्याख्यान घशात तसंच आहे.

तुला तेव्हाच कळवायला हवं होतं असं म्हणशील. पण मला अर्धवट काही सांगायचं नव्हतं. नुसतं 'पट्ट्या चुकीच्या लागल्या होत्या' एवढंच सांगितलं असतं तर पदरात फक्त तिची चूक पडली असती. म्हणून दगडावर नव्या पट्ट्या बसवल्या, मी आणि हर्षलाने, आणि पावसाळाभर थांबले. तसं थांबायला तिनेच सांगितलं होतं. या वर्षी कर्जतला किती कोसळला ते तू बातम्यांत पाहिलं असशील. उल्हास नदी दोनदा रस्त्यावर आली. ओसरीची कौलं गेली. दर सोमवारी मी टॉर्च घेऊन त्या भिंतीपाशी जायचे आणि काच बघायच्या आधी डोळे मिटायचे, एखाद्या शाळकरी पोरीसारखी, माझ्या वयाला न शोभेल असं. दसऱ्याला शेवटचं पाहिलं. एकही तडकलेली नाही. केसाएवढीही रेघ नाही. आरोहीने लिहिलं ते खरं आहे. भिंत उभी राहील.

आता तुला वाटेल, दाखला बदलून हवा म्हणून ही बाई इतकी पानं लिहिते आहे. तसं नाही. दुसरा इंजिनिअर मिळतो, पनवेलला दोन ओळखीचे आहेत, ग्रामसभेआधी येतो म्हणालेत. पण मग तो तिऱ्हाईत सगळ्या गावासमोर म्हणेल की आधीच्या पट्ट्या लावणारीला काम येत नव्हतं आणि आधीच्या साहेबांनी भिंतीला हात लावला नव्हता. मला ते दोन्ही ऐकायचं नाही. तू ये, तू हात लाव, तू सांग. आणि खरं सांगायचं तर हेही कारण नाही. कारण असं की परवा मोतीबाईंनी माळ्यावरून एक टोप काढून दिला. आरोहीने त्या दिवशी पीओपी त्यांच्या भाताच्या टोपात कालवलं होतं, घाईत, आणि ते आत घट्ट बसलं. "नवा आनून देते बोललेली," त्या म्हणाल्या, "मी मागत नाय गं, पन फेकवत बी नाय." टोपाच्या तळाशी पांढऱ्या थरात चार बोटांचे ठसे आहेत, निपटून घेतानाचे. करंगळीचा जरा वाकडा. तुझ्यासारखा. तो टोप आता आपल्या घरी ओट्यावर आहे आणि मला तो एकटीला बघवत नाही, जितेश, एवढ्यासाठी हे पत्र. ये. भांडायचं असलं तर भांडू, पण ये. काल मी कर्जतच्या बाजारात जाऊन तेवढाच टोप घेतला, बुडाला जाड, आणि मोतीबाईंना नेऊन दिला. सांगितलं, आरोहीने पाठवलाय. त्यांनी तो विसळला, तांदूळ धुऊन टाकले, आणि चुलीवर ठेवला.

तुझीच, या वर्षभरातही,
माधवी