मल्लिगेचं दूध गाळताना

प्रिय इंदू,

आज दूध गाळलं आणि फडक्यावर एकही केस नव्हता. ही बातमी तुला नाही सांगायची तर कुणाला? दूध तापायला ठेवलं आणि लगेच लिहायला बसलो.

तू गेलीस आणि तुझी मल्लिगे माझ्या हाती आली. शेळीची धार काढण्यात काय मोठंसं, असं वाटायचं मला! पहिल्याच सकाळी सूनबाई भांडं घेऊन पुढ्यात उभी. "अय्यो मामंजी, केस! चहात हे घालू?" आठवडाभर हेच. शेवटी आपला सुरेश खाली बघत म्हणाला, "बाबा, या शेळीला कोटे गावी मित्राच्या शेतावर ठेवू. रविवारी गाडी येईल."

तुझी मल्लिगे, आणि गाडीत?

आठवतं, तू कात्री घेऊन तिच्या कासेवरचे, मांड्यांचे केस कातरायचीस आणि मी खुर्चीतून विचारायचो, "काय गं, वरात निघालीय का हिची?" तू म्हणायचीस, "हसा! कवितेतलं दूध नाही हे, पोटात जायचंय." त्या वेळी उठून तिचा पाय तरी धरायला हवा होता मी. नाही उठलो.

परवा मी तिचे सुटे केस झाडायला ब्रश घेतला. पण धारेचं भांडं आधीच खाली मांडून ठेवलेलं! सगळे केस थेट त्यात. हसलीस ना?

मग काल कात्री काढली. मल्लिगेनं अशी लाथ झाडली की कोमट पाण्याची बादली आडवी! भिंतीपलीकडून शेजारची रत्नम्मा कन्नडमध्ये ओरडली, "अज्जा, नुसती कात्री काय चालवता? अम्मांसारखं गाणं म्हणा की! तुम्ही फिरायला गेलात की म्हणायच्या त्या. मला मराठी कुठं येतं, पण चाल पाठ झालीय." आणि तिनं गुणगुणून दाखवली.

इंदू, ती मी तिसरीत शिकलेली चिमणीची कविता होती! तिसऱ्या ओळीत मी लहानपणापासून चाल चुकतो. रत्नम्मा नेमकी तिथंच चुकली.

मी कविता म्हणायला लागलो की तू म्हणायचीस, "झालं का? मग पालक निवडा." जन्मभर वाटलं, माझं तुझ्या कानातच शिरत नाही. आणि तू ती माझ्या चुकीसकट शेळीला ऐकवत होतीस? मला एकदा सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं गं?

मी म्हणायला लागलो. मल्लिगेनं कान हलवले आणि पाय टेकला. सगळं कातरून झालं.

आज रविवार. सूनबाईनं फडकं उजेडात धरून पाहिलं आणि आत वळून म्हणाली, "अहो, गाडीवाल्याला बेडा म्हणा, नको म्हणा."

आता माझा शब्द घे. आधी ब्रश, मग कास धुऊन कोरडी पुसणं, पहिल्या दोन चिळकांड्या वेगळ्या वाटीत, आणि मगच भांडं. केस वाढले की कात्री. मल्लिगे या घरातच राहील. आणि तिसरी ओळ मी कधीच सुधारणार नाही.

तुझाच,
अहो