मंगळवारच्या कोऱ्या नोंदींबाबत

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
लोकसहभागी पर्यावरण-न्याय संशोधन अनुदान कक्ष,
बेळगाव.

विषय : अनुदान रद्द न करणेबाबत व येत्या मंगळवारी माणूस पाठवणेबाबत.
संदर्भ : आपले दि. ९ एप्रिलचे पत्र.

महोदय,

१. जांभळवाडा (ता. खानापूर) येथील आम्ही बारा बायका ओढ्याच्या पाण्याची रोज नोंद ठेवतो. ओढ्याच्या वरच्या अंगाला कापड रंगवण्याचा कारखाना आहे, खालच्या अंगाला गावाची पिण्याची विहीर. "मंगळवारचे रकाने कोरे, सबब हलगर्जीपणा" असे आपण लिहिता. तो शब्द मला फार लागला.

२. देवीच्या जत्रेआधी आमचा गाव पाच मंगळवार वार पाळतो. त्या दिवशी शिवारात कोणी पाऊल टाकत नाही, ओढ्यावर तर नाहीच. अनुदान मागताना हे कळवायला हवे होते. पण जन्मापासून जे पाळतो ते कागदावरही लिहायचे असते, हे बारा जणींत एकीच्याही ध्यानात आले नाही. चूक आमची आहे.

३. आता बुधवारच्या नोंदी पाहाव्यात. चारही बुधवारी दगडांवर जांभळा थर आणि काठाला मेलेले मासे. कारखान्यातले आमच्याच गावचे कामगार वाराची रजा आधी मागतात. त्यामुळे ओढ्यावर चिटपाखरू नसण्याच्या तारखा कारखान्याला पक्क्या ठाऊक असतात. आम्ही देवीसाठी घरात बसतो आणि तेव्हाच पाणी सोडले जाते, असा माझा संशय आहे. प्रयोगशाळेला मात्र त्याच दिवशी भरलेली पाण्याची बाटली लागते.

४. दि. १५ चा मंगळवार शेवटचा. वार पुकारणारे गुरव रवळू हे माझे सासरे. त्या दिवशी मी ओढ्यावर जाणार म्हटल्यावर ते म्हणाले, "वार मोडलास तर ह्या उंबऱ्याला परत येऊ नगंस. गावाला भोगायला लागंल." मी म्हटले, "आप्पा, गाव भोगतंयच की." त्या दिवशी ते जेवले नाहीत. मला त्यांचा राग येत नाही, वाईट वाटते. त्यांच्याच पायांना चट्टे उठले आहेत.

५. नियमाप्रमाणे नमुना गावकऱ्यानेच घ्यायचा असल्याने सकाळी सात वाजता मी ओढ्यात उतरेन. बाटलीला मोहोर लावण्यास आपला माणूस पुलावर हजर असावा. ती मला घरी नेता येणार नाही.

६. निर्णय कळवताना खालील पत्ता फक्त सोमवारपर्यंत धरावा. पुढचा पत्ता मिळाल्यावर कळवीन.

आपली नम्र आणि निश्चय झालेली,
प्रियदर्शनी भरमू गुरव
सचिव, पाणी अभ्यास गट
गुरव गल्ली, जांभळवाडा
दि. ११ एप्रिल २०२५

सोबत : चार बुधवारच्या नोंदी, या अर्जाची कन्नड प्रत.