स्वखुशीने सोडलेली जागा

सरातोव,
१२ मार्च १९७९

आदरणीय रोदिओन सावेल्येविच,

एकेकाळी तुला नुसतं रोद्या म्हणायचो. आता छातीवर एवढी पदकं आहेत, तर नावही पूर्ण लिहिलेलं बरं.

आम्ही ठीक. व्होल्गेवरचा बर्फ अजून घट्ट आहे, माझे गुडघे नाहीत. तुझ्या आत्मचरित्राचं पान प्रकाशकाने सहीसाठी पाठवलं, ते मिळालं. ‘प्रकृतीच्या कारणाने तिमोफेयने स्वखुशीने आपली जागा मला दिली.’ वा! आमची ही, झिनाइदा, म्हणाली, “सही कर नाहीतर चुलीत घाल. महिनाभर त्या कागदाकडे बघून दातओठ खातोयस, जेवणावर तरी दया कर.”

स्वखुशीने? अंतराळातलं ते उड्डाण माझं होतं, तू माझा राखीव. फिरत्या यंत्रातून उतरलो की माझ्या डाव्या डोळ्यापुढे अंधार यायचा. डॉक्टरांपासून दुखणं लपवायचं, हा आपल्या तुकडीचा पहिला नियम. मित्राला सांगितलं, ही माझी चूक. “मरेन, पण बोलणार नाही,” म्हणालास. तीन आठवडे बोललाही नाहीस. नावं ठरवणारी समिती बसायची त्या सकाळी मात्र डॉक्टरांच्या दारात पहिला तूच! काळजी वाटली असती, तर पहिल्याच दिवशी गेला असतास. तुला माझा डोळा नव्हे, माझी खुर्ची दिसत होती.

तू वर गेलास. मला तुकडीच्या फोटोतून पुसलं. तिथे आता एक झुडूप आहे. बरं वाढलंय.

पंधरा वर्षं तुला नेमाने शिव्या दिल्या, दात घासावेत तशा. यंदा जानेवारीत खंड पडला.

डोकं दुखतं म्हणून इस्पितळात गेलो होतो. सर्जनबाई म्हणाल्या, “ही मेंदूतली नस फार जुनी फुगलेली आहे, काका. विमानं उडवलीत ना? नशीब समजा, रॉकेटात नाही बसलात! सुटल्या सुटल्या फुटली असती.” स्वतःच्या विनोदावर त्या हसल्या. मीही हसलो. झिनाइदा हसली नाही.

हे तुला कळवायचं नव्हतं. दोन महिने नाही कळवलं. पण गुरुवारी कवटी उघडणार आहेत, आणि नंतर तुझंच वाक्य खरं म्हणून उरेल.

म्हणून ते खोडलंय. खाली माझं लिहून सही केलीय. छापायचं तर हेच, एक अक्षर न बदलता: ‘रोदिओनने माझ्या जागेसाठी माझी चुगली केली, म्हणून मी आजवर जगलो.’

आभार मानलेले नाहीत, वाचताना तसं समजू नकोस.

राग शाबूत असलेला,
तिमोफेय