निवांतासन

माय, उद्या सोमवारी माझी राज्यसेवेची मुलाखत आहे आणि तिथं मला योगावर बोलायचंय. हसू नकोस. अर्जात छंदाचा एक रकाना असतो, तो कोरा ठेवला तर उमेदवारच कोरा वाटतो म्हणे, म्हणून मी तिथं 'योगासने' लिहिलं. खोटं नाही लिहिलं. रोज सकाळी सतरंजी टाकते, घाम गाळते आणि मग तहसील कचेरीत जाऊन दिवसभर लोकांचे अर्ज आणि शिव्या दोन्ही दाखल करून घेते. आता वयाच्या हिशोबानं हा शेवटचाच डाव. जमलं तर नायब तहसीलदार, नाही जमलं तर त्याच टेबलावर चष्म्याचा नंबर वाढवत बसायचं. लेखी परीक्षा चांगली गेलीय, जिल्ह्याची माहिती तोंडपाठ आहे, साडीसुद्धा ठरलीय. अडलंय ते फक्त तुझ्यापाशी.

झालं असं की परवा औरंगपुऱ्यातल्या एका क्लासमध्ये सरावाची मुलाखत होती. समोर एक निवृत्त अधिकारी बाई, पांढऱ्या केसांच्या, चहा पार गार करून पिणाऱ्या. त्यांनी योगाबद्दल विचारलं आणि मी पाठ केलेली टेप लावली. आठ अंगं, शरीर आणि मनाचा मेळ, प्रशासनात लागणारा संयम, वगैरे. बाईंनी हात वर करून मला थांबवलं. सकाळपासून जो येतोय तो हेच सांगतोय, म्हणाल्या. मग विचारलं, "तुम्हाला हा छंद लागला कसा?" मी तब्येत-बिब्येत असं काहीतरी पुटपुटले. त्यांना दया आली असावी, म्हणून सोपा प्रश्न टाकला, आवडतं आसन कोणतं? आणि माझ्या तोंडून निसटलं, "निवांत." हे कुठलं आसन, असं त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं. मी म्हटलं, माफ करा मॅडम, शवासन. त्या म्हणाल्या, अर्जात लिहिलंय ते आता खोडता येत नाही, तेव्हा घरी जाऊन खरं उत्तर शोधा, कारण तिथल्या लोकांना पाठांतराचा वास येतो. हर्सूलला घरी पोचेपर्यंत रिक्षात मी स्वतःवरच चिडलेली होते.

खरं उत्तर मला माहीतच आहे गं. छंद मला लागला नाही, तू मला धरून नेलंस. तू खानावळीत कॉलेजच्या पोरांसाठी भाकरी थापायचीस, सकाळ-संध्याकाळ, चुलीपुढं बसून. तुझी कंबर धरली तेव्हा डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि वर व्यायाम सांगितला. घरी येऊन तू त्या डॉक्टरांचा जो उद्धार केलास तो अजून माझ्या कानात आहे. दिवसभर उठबस करते, पाणी वाहते, ती काय करमणूक हाय का, म्हणालीस. पण एका सकाळी अंथरुणातून उठताच येईना, तेव्हा निमूटपणे तलावाकाठच्या बागेतल्या फुकट वर्गाला जायला तयार झालीस. अट एकच, मी बरोबर पाहिजे. मी दहावीच्या सुट्टीत लोळत होते. माझी शाळेची खेळाची पँट तू साडीखाली चढवलीस, वाकळ बगलेत मारलीस आणि अंधारातच निघालीस, कुणी बघायच्या आत.

पण बागेत सगळी ओळखीचीच तोंडं. बायकांनी विचारलं तर तू खुशाल ठोकून दिलंस की, पोरीची पाठ अभ्यासानं वाकलीय, तिला आणलंय. तिकडं माझ्या वर्गातली एक मुलगी तिच्या आजीबरोबर आली होती, तिला मी सांगत होते की, माझ्या आईची कंबर धरलीय, म्हणून आलेय. वर्ग घेणारे गुरुजी शाळेतून निवृत्त झालेले, त्यांचा कान तिखट. सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, "मग दोघींत आजारी कोण?" सगळी बाग हसली. तूही हसलीस आणि तिथंच तुझी लाज गेली. पुढं तू रोज मला उठवायला लागलीस. सुरुवातीला सगळे ओम म्हणायचे तेव्हा तू तोंड मिटून नुसता 'म' लांबवायचीस. घरी मी विचारलं तर भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडं बघत म्हणालीस, अर्धा त्यांचा, अर्धा आपला, श्वास तर सगळ्यांचा एकच हाय ना. गुरुजींना ते कळत होतं, पण ते आपला ओम पुढं चालू ठेवायचे.

आणि तुझं ते शवासन. पहिल्याच दिवशी गुरुजींनी अर्थासकट सांगितलं की आता प्रेतासारखं पडायचं, तर तू वाकळीवर ताडकन उठून बसलीस. "गुरुजी, लेकीची माय हाय मी. जित्तेपणी मढ्यावानी नाय निजायची. निवांत म्हणा, लगेच निजते." गुरुजी हसून म्हणाले, बरं बाई, निवांत. त्या दिवसापासून त्या बागेत शवासन कुणी म्हटलंच नाही. कुणी नवीन आलं की तीच बायका-मंडळी समजावून सांगायची, शेवटी निवांत असतं बरं का. तू पडल्या पडल्या घोरायचीस. बाकीच्यांचं निवांत आटोपायचं, सतरंज्या गोळा व्हायच्या, आणि तू आपली झोपलेलीच. गुरुजी येऊन हळूच सांगायचे, बाई, मूठ सोडा. भाकरी थापून थापून तुझी बोटं आत वळलेली असायची. तू झोपेतच हात उघडायचीस आणि ते पुढं गेले की बोटं परत आपल्या जागी. मी शेजारी बसून ते बघत राहायचे. दिवसाउजेडी तुला आडवं झालेलं मी फक्त तिथंच बघितलं.

तुला छंद हा शब्द आवडायचा नाही. माझ्या वहीत कधीतरी 'माझा छंद' निबंध बघून म्हणाली होतीस, छंद असतो पोट भरलेल्यांना, आपल्याला असतात कामं. त्यामुळं दोन दिवस मी या विचारात होते की, मग तू बागेत करत होतीस ते काय होतं? कंबर तर पावसाळा लागायच्या आतच बरी झाली होती. त्यानंतरही तू किती वर्षं गेलीस. काल भांडी घासताना एकदम ध्यानात आलं. दिवसभर तू जे काही करायचीस त्यातनं कुणाचं ना कुणाचं पोट भरायचं. फक्त त्या सकाळच्या वेळेतनं कुणाच्या ताटात काही पडत नव्हतं. ती वेळ तुझी होती. यालाच छंद म्हणत असतील तर तुला छंद होता माय, चांगला पक्का होता, आणि तोच मला लागला. हे मी उद्या सांगणार आहे. मार्क मिळोत नाहीतर न मिळोत, हे पाठांतर नाही. मला आता लई हलकं वाटतंय.

एक गोष्ट मात्र तिथं सांगायची नाही. तू गेलीस त्या दिवशी बागेतल्या सगळ्या बायका आल्या होत्या. तुला अंगणात ठेवलं होतं आणि तुझी बोटं सुटलेली होती, दोन्ही तळवे सरळ, उघडे. बाकी कुणाला त्यात काही वाटलं नाही. मला मात्र तेव्हा पहिल्यांदा कळलं की तू खरंच गेलीस, आणि मी ओरडून रडले. त्यानंतर इतकी वर्षं मी सगळी आसनं करते आणि शेवटचं आलं की सतरंजी गुंडाळून उठते. अर्जात योग लिहिणारी बाई शवासन करतच नाही, आणि आवडतं आसन विचारलं तर नेमकं तेच सांगते. आता काय म्हणावं!

आज रविवार. सकाळी गॅसवर दूध ठेवलं, आसनं झाली, आणि म्हटलं बघू तरी. स्वयंपाकघरातल्या फरशीवरच सतरंजी होती, तिथंच पडले. मनातल्या मनात म्हटलं, निवांत. तळवे वर केले, डोळे मिटले, पहिले काही श्वास जड गेले, मग काय झालं कळलंच नाही. करपल्याचा वास आला तेव्हा जाग आली. दूध उतू जाऊन बर्नर विझायच्या बेतात, पातेलं काळं, ओटाभर साय. तू असतीस तर आधी गॅस बंद केला असतास आणि मग माझी खरडपट्टी काढली असतीस. मी लोळतच हसत होते.

हे लिहिलेलं कुठं टाकायचं नाही. ओटा पुसायचा राहिलाय, तो पुसला की याची घडी करून त्या वाकळीत ठेवीन, ती अजून आहे. तेवढं एक सांगायचं राहिलं. जाग आली तेव्हा माझी मूठ वळलेली होती, बोटं अगदी तुझ्यासारखी आत. आणि माय, खरं सांगू का, मी भाकरी विकत आणते.