विहीर, दगड आणि माझी नाडी

५ मे १९२८
तिसऱ्यांदा मॅट्रिकला बसून आलो. या खेपेस मेकॅनिक्सचा पेपर फर्स्ट क्लास गेला. नव्या पेठेतले कापडवाले गुरुसिद्धप्पा म्हणाले की पोराचं डोकं चालतं असं दिसलं तर आमची मुलगी सुंदरम्मा देऊ. त्यांच्या मळ्यात नवी विहीर आहे. मोटेला दोर किती लागेल ते मीच सांगणार. दोरी सोडून नव्हे, गणिताने.

८ मे
दगड सोडायचा, तो पाण्यात पडेपर्यंतचे सेकंद मोजायचे; फुटांत खोली म्हणजे सोळा गुणिले सेकंद गुणिले सेकंद. घड्याळ नाही. पण वैद्यांनी माझी नाडी मिनिटाला बरोब्बर साठ सांगितली आहे. एक ठोका, एक सेकंद. घड्याळ हवे कशाला?

११ मे, सकाळी
मळ्यात मेंढरं पाजणारा धुळा धनगर म्हणाला, धा परस हाय, कवाबी मोजा. माणसाच्या उंचीने विहिरी मोजणे हे सायन्स नव्हे, हे त्याला समजावले. इतक्यात सुंदरम्मा ताक घेऊन आली. अगदी शेजारी उभी राहिली. मी पूर्ण शांत. कान तेवढे तापले, ऊन होते. स्वतःचे मनगट धरून दगड सोडला. चार ठोक्यांनी डुबुक. दोनशे छप्पन फूट! गुरुसिद्धप्पा चकित. सुंदरम्मा माझ्या मनगटाकडे बघून हसली. जमलेच म्हणायचे.

१९ मे
दोर बैलगाडीतून आला. साठ फुटांवर मोट पाण्यात. धा परस, बोटभर जास्त नाही. धुळा हसला नाही. हसला असता तर बरे झाले असते. पाणी चढले असावे, असे मी म्हटले. मे महिन्यात का, असे गुरुसिद्धप्पांनी विचारले.
सुंदरम्मा म्हणाली, "अप्पा, ह्यांचे कान लालभडक झालते. नाडी पळत हुती की."
"मग तवाच का न्हाय बोललीस?"
"गंमत बघायची हुती."

२० मे
सापडले! नाडी दुप्पट धरली तर सेकंद दोन, खोली चौसष्ट. फॉर्म्युला निर्दोष. चूक फक्त काळजाची, आणि तीही तिच्यामुळे. हे ऐकून गुरुसिद्धप्पा खूश होतील.

२१ मे
ऐकून घेतले. उद्यापासून दुकानात येऊ नकोस म्हणाले.

९ जून
मॅट्रिक नापास. मेकॅनिक्समध्येच. सुंदरम्मेचे अक्कलकोटला ठरले.

१४ जून
उरलेला दोर लग्नाच्या मांडवाला लावला. गुरुसिद्धप्पांनी मुद्दाम बोलावून एक टोक मला धरायला दिले, आणि हा दोर कुणाच्या हिशेबाने आला ते प्रत्येक पाहुण्याला सांगितले. पुरला मात्र.
सुंदरम्मा ताक घेऊन आली. सवयीने स्वतःचे मनगट धरले. ओटीवर मोठे घड्याळ होते, त्याच्याशी ताडून पाहिले.
मिनिटाला एकशे वीस.